रामटेक पर्यटन

रामटेक हे महाराष्ट्र राज्याच्या नागपूर जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण असून नागपूर शहराच्या ईशान्येस सुमारे ५० किलोमीटर अंतरावर आहे. टेकडीवरील राममंदिर, वाकाटककालीन नृसिंह मंदिरे, अंबाळा व खिंडसी हे तलाव आणि कालिदासाच्या मेघदूताशी जोडला गेलेला 'रामगिरी' यांमुळे हे गाव तीर्थक्षेत्र, पुरातत्त्वीय स्थळ आणि निवांत सहलीचे ठिकाण अशा तिन्ही अंगांनी ओळखले जाते. नागपूरकरांच्या दृष्टीने शनिवार-रविवारच्या दोन दिवसांत सावकाश पाहून होणारे हे सर्वांत जवळचे ऐतिहासिक गाव होय. वर्षातील बहुतेक दिवस शांत असलेल्या या गावात यात्रांच्या काळात मात्र मोठी गर्दी लोटते. त्यामुळे येथील सहलीचा आनंद स्थळांच्या निवडीपेक्षा महिना, वार आणि वेळ यांच्या निवडीवर अधिक अवलंबून असतो.

नाव

'रामटेक' या नावाच्या दोन लोकव्युत्पत्ती प्रचलित आहेत. वनवासात असताना श्रीराम येथे टेकले, म्हणजे विसावले, म्हणून रामटेक, अशी एक समजूत आहे. दुसऱ्या समजुतीनुसार ऋषींना त्रास देणाऱ्या राक्षसांचा नाश करण्याची 'टेक', म्हणजे प्रतिज्ञा, रामाने येथे घेतली. या टेकडीवर अगस्त्य ऋषींचा आश्रम होता, अशीही श्रद्धा आहे. जुन्या संस्कृत साहित्यात व माहात्म्यग्रंथांत या टेकडीस रामगिरी, सिंदूरगिरी आणि तपोगिरी अशी नावे आढळतात.

भूगोल व हवामान

रामटेकची टेकडी नालाच्या आकाराची आहे. तिच्या कुशीत अंबाळा तलाव असून एका टोकावर गडमंदिर उभे आहे. गाव टेकडीच्या पायथ्याशी वसले आहे. भोवतालचा प्रदेश भातशेतीचा व तलावांचा असून उत्तरेकडे पेंचचे जंगल पसरलेले आहे. रामटेकची कपुरी पाने पूर्वापार प्रसिद्ध असून पानमळ्यांची शेती हा येथील बारई समाजाचा परंपरागत व्यवसाय आहे.

विदर्भाच्या इतर भागांप्रमाणे येथील उन्हाळा अतिशय कडक असतो. मे महिन्यात दुपारचे तापमान अनेकदा ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास जाते व टेकडीवरील दगडी फरशी अनवाणी चालण्याजोगी राहत नाही. मंदिरांत पादत्राणे काढावी लागत असल्याने ही बाब सहलीच्या दृष्टीने महत्त्वाची ठरते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत सुखद असतो. जुलै ते सप्टेंबर या काळात टेकडी हिरवीगार होते, तलाव भरतात आणि ढग खाली उतरलेले दिसतात. मात्र पायऱ्या निसरड्या होतात.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

इसवी सनाच्या चौथ्या-पाचव्या शतकांत हा परिसर वाकाटक घराण्याच्या सत्तेचे केंद्र होता. वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन म्हणजे रामटेकच्या दक्षिणेस काही किलोमीटरवर असलेले आजचे नगरधन, असे मानले जाते. गुप्त सम्राट दुसरा चंद्रगुप्त याची कन्या प्रभावतीगुप्ता हिचा विवाह वाकाटक राजा दुसरा रुद्रसेन याच्याशी झाला होता. पतीच्या निधनानंतर मुले लहान असल्याने तिने राज्यकारभार स्वतःच्या हाती घेतला. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे मिळालेला तिचा ताम्रपट 'रामगिरिस्वामी'च्या चरणांपासून दिल्याचा उल्लेख आहे. रामगिरी हे त्या काळीही महत्त्वाचे वैष्णव स्थान होते, हे त्यावरून दिसते. नगरधन येथे अलीकडच्या काळात झालेल्या उत्खननात प्रभावतीगुप्तेच्या नावाची मातीची मुद्रा मिळाली आहे.

तेराव्या शतकात हा प्रदेश देवगिरीच्या यादवांच्या ताब्यात होता. गडावरील लक्ष्मण मंदिरात यादव राजा रामचंद्र याच्या काळातील शिलालेख आहे. महानुभाव परंपरेनुसार चक्रधर स्वामी पूर्वाश्रमी गुजरातेतून रामटेकच्या यात्रेच्या निमित्ताने निघाले व वाटेत रिद्धपूर येथे त्यांना गोविंदप्रभूंचे दर्शन घडले. त्या काळी रामटेकच्या यात्रेची ख्याती दूरवर पोहोचली होती, हे या कथेवरून लक्षात येते. अठराव्या शतकात नागपूरचे पहिले रघुजी भोसले यांनी गडमंदिराचा जीर्णोद्धार केला. गडाची आजची तटबंदी व दरवाजे यांवर भोसलेकालीन बांधकामाची छाप आहे.

प्रमुख स्थळे

गडमंदिर: टेकडीच्या माथ्यावरील मंदिरसमूहात राम-सीता व लक्ष्मण यांची मंदिरे मुख्य आहेत. वराह, सिंगपूर, भैरव आणि गोकुळ अशा एकामागून एक येणाऱ्या दरवाजांतून मंदिराकडे जाता येते. पहिल्या दरवाजाजवळ एकाच दगडात कोरलेली वराहाची भव्य मूर्ती आहे. अंबाळा तलावाकडून पायऱ्यांची जुनी वाट वर येते, तर गावाकडून वाहनांसाठी रस्ता आहे.

नृसिंह मंदिरे: केवल नृसिंह व रुद्र नृसिंह ही दोन लहान मंदिरे वाकाटककालीन असून देशातील जुन्या दगडी मंदिरांत त्यांची गणना होते. दोन्ही मंदिरांत बैठ्या नृसिंहाच्या भव्य मूर्ती आहेत. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीस केवल नृसिंह मंदिराच्या भिंतीवरील गिलावा काढला जात असताना त्याखाली वाकाटककालीन शिलालेख उघड झाला. लेखाचा बराच भाग झिजलेला असला, तरी त्यात प्रभावतीगुप्तेच्या कुटुंबाचे संदर्भ वाचता येतात. गडमंदिराकडे जाणारे अनेक भाविक या मंदिरांजवळून न थांबता पुढे जातात. इतिहासाच्या दृष्टीने मात्र ही टेकडीवरील सर्वांत मोलाची वास्तू आहे.

कालिदास स्मारक: मेघदूतातील विरही यक्षाचे निवासस्थान असलेला रामगिरी म्हणजे रामटेक, हे मत महामहोपाध्याय वासुदेव विष्णू मिराशी (१८९३–१९८५) यांनी साधार मांडले. टीकाकार मल्लिनाथाने रामगिरी म्हणजे चित्रकूट असे म्हटले होते, तर काही अभ्यासक छत्तीसगढच्या सरगुजा भागातील रामगढकडे निर्देश करतात. वाकाटक आणि गुप्त घराण्यांचा संबंध, तसेच प्रभावतीगुप्तेच्या ताम्रपटातील रामगिरीचा उल्लेख यांमुळे रामटेकची बाजू भक्कम मानली जाते. टेकडीवर कालिदासाचे स्मारक उभारण्यात आले असून गावात १९९७ साली कविकुलगुरू कालिदास संस्कृत विद्यापीठाची स्थापना झाली. आषाढ महिन्याच्या पहिल्या दिवशी कालिदास दिन साजरा होतो.

अंबाळा तलाव: टेकडीच्या कुशीतील या तलावाच्या काठी घाट व मंदिरे आहेत. येथे अस्थिविसर्जन व श्राद्धविधी केले जातात. सहलीसाठी आलेल्यांनी विधी चालू असताना घाटावर छायाचित्रे काढू नयेत, अशी अपेक्षा असते.

शांतिनाथ जैन मंदिर: पायथ्याशी असलेले हे दिगंबर जैन अतिशय क्षेत्र असून येथे तीर्थंकर शांतिनाथांची उभी भव्य मूर्ती आहे.

अठराभुजा गणेश: विदर्भातील अष्टविनायकांत या मंदिराचा समावेश होतो. गणेशाच्या अठरा हातांच्या मूर्ती दुर्मीळ असल्याने मूर्तिशास्त्राच्या अभ्यासकांनाही तिच्याविषयी कुतूहल असते.

कपूर बावडी: कोरीव खांबांच्या ओवऱ्या असलेली ही जुनी पायविहीर मुख्य वाटेपासून थोडी बाजूला असल्याने येथे सहसा वर्दळ नसते.

खिंडसी तलाव: सूर नदीवर ब्रिटिश काळात बांधलेला हा जलाशय गावापासून काही किलोमीटरवर आहे. मूळ उद्देश सिंचनाचा असला, तरी आज येथे नौकाविहाराची सोय आहे. टेकड्यांनी वेढलेल्या या जलाशयावर हिवाळ्यात पाणपक्षी दिसतात.

परिसरातील स्थळे

रामटेकच्या पश्चिमेस राष्ट्रीय महामार्ग ४४ वर मनसर हे गाव आहे. तेथील हिडिंबा टेकडीवर १९९० च्या दशकात सुरू झालेल्या उत्खननात विटांच्या मोठ्या बांधकामांचे अवशेष मिळाले. दुसऱ्या प्रवरसेनाने वसवलेले प्रवरपूर ते हेच, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. नगरधन येथे भोसलेकालीन भुईकोट किल्ला आहे. उत्तरेकडील पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या महाराष्ट्रातील भागास जानेवारी २०२४ मध्ये 'डार्क स्काय पार्क' म्हणून मान्यता मिळाली. असा दर्जा मिळालेले हे भारतातील पहिले ठिकाण आहे. कृत्रिम प्रकाश कमी ठेवलेल्या या परिसरात स्वच्छ रात्री आकाशगंगेचा पट्टा नुसत्या डोळ्यांनी दिसू शकतो. पावसाळ्यात जंगलातील मुख्य भाग पर्यटनासाठी बंद असतो.

नागपूरहून प्रवास

नागपूरहून कामठी, कन्हान, मनसर या मार्गाने महामार्ग ४४ वरून रामटेकला जाता येते. मनसरला उजवीकडे वळावे लागते. वाहनाने साधारण सव्वा ते दीड तास लागतो. राज्य परिवहन महामंडळाच्या बस नियमित धावतात. कन्हानहून रामटेकपर्यंत रेल्वेची शाखा असून तिच्यावर मोजक्याच प्रवासी गाड्या धावतात. त्या मुख्यत्वे इतवारी स्थानकाशी जोडलेल्या असल्याने वेळापत्रक आधी पाहून ठेवणे आवश्यक असते. धरमपेठ, शंकरनगर अशा पश्चिम नागपुरातील वस्त्यांतून निघणाऱ्यांना शहर ओलांडण्यातच बराच वेळ लागतो. मेट्रोच्या अ‍ॅक्वा मार्गिकेवरून धरमपेठ कॉलेज किंवा शंकरनगर चौक स्थानकातून नागपूर रेल्वे स्थानकापर्यंत गाडी न बदलता जाता येते. स्वतःच्या वाहनाने जाणाऱ्यांना सकाळी लवकर निघाल्यास शहर व कामठी मार्गावरील वाहतुकीची कोंडी टाळता येते.

मुक्काम व आहार

गावात धर्मशाळा व साधी निवासस्थाने असून खिंडसी परिसरात रिसॉर्ट आहेत. हिवाळ्यातील सुट्ट्या व यात्रांचे दिवस वगळता जागा मिळणे कठीण नसते. न्याहारीला तर्री-पोहे, जेवणात झुणका-भाकर, पातोडीची रस्सा भाजी असे वैदर्भीय पदार्थ मिळतात. हिवाळ्यात महामार्गाच्या कडेला संत्र्यांची दुकाने लागतात.

दोन दिवसांच्या सहलीची आखणी

रामटेकची मुख्य स्थळे एकमेकांच्या जवळ असल्याने ती एका दिवसात 'उरकता' येतात व बहुसंख्य पर्यटक तसेच करतात. मुक्काम केल्यास टेकडीवरील सर्वांत शांत अशा दोन वेळा, म्हणजे सूर्योदयानंतरचा पहिला तास व सूर्यास्तापूर्वीचा तास, दोन्ही साधता येतात. त्या दृष्टीने पुढील क्रम सोयीचा ठरतो.

शनिवारी सकाळी पोहोचून वाटेत मनसरचे अवशेष पाहावेत, म्हणजे वाकाटकांचा संदर्भ आधीच मनात तयार होतो. दुपारची उन्हाची वेळ मुक्कामी विश्रांतीत घालवून चार वाजल्यानंतर खिंडसी तलावावर जावे. रविवारी पहाटे अंबाळ्याच्या बाजूने पायऱ्या चढून गडावर जावे. नृसिंह मंदिरे, गडमंदिर आणि कालिदास स्मारक या क्रमाने पाहत दहाच्या सुमारास उतरावे. रविवारी दुपारनंतर नागपूरहून येणाऱ्यांची वर्दळ वाढते, तोवर टेकडी पाहून झालेली असते. उरलेल्या वेळात जैन मंदिर व कपूर बावडी पाहून परतीच्या प्रवासाला लागता येते. ज्येष्ठ नागरिक व लहान मुले सोबत असल्यास पायऱ्यांऐवजी वाहनाचा रस्ता वापरणे इष्ट असते.

टेकडीवर काळ्या तोंडाच्या वानरांचा मोठा वावर आहे. हातातील प्रसाद, फळे किंवा पिशव्या ते हिसकावतात. पर्यटक खाऊ घालत असल्याने त्यांची भीड चेपली आहे. त्यामुळे खाद्यपदार्थ उघडे न नेणे व वानरांना खाऊ न घालणे हेच सुरक्षित ठरते.

यात्रा व गर्दी

कार्तिक महिन्यातील वैकुंठ चतुर्दशी व त्रिपुरी पौर्णिमा, तसेच चैत्रातील रामनवमी या काळात रामटेकला मोठ्या यात्रा भरतात. वैकुंठ चतुर्दशीच्या सुमारास निघणारी शोभायात्रा पाहण्यासाठी विदर्भासह मध्य प्रदेशातूनही लोक येतात. गावाचे सांस्कृतिक जीवन अनुभवायचे असल्यास हा काळ उत्तम असतो, शांततेसाठी येणाऱ्यांना मात्र तो सोयीचा नसतो. कार्तिकी यात्रा नेमकी हिवाळी पर्यटनाच्या हंगामात येत असल्याने सहलीची तारीख ठरवताना पंचांग पाहणे उपयुक्त ठरते.

संवर्धन

पर्यटन वाढावे आणि स्थळाचे स्वास्थ्यही टिकावे, हा रामटेकपुढील मुख्य प्रश्न आहे. येथील वास्तूंचा वापर आजही पूजेसाठी होतो; त्यामुळे त्यांना संग्रहालयासारखे बंदिस्त करता येत नाही. शतकानुशतकांच्या रंगाच्या व गिलाव्याच्या थरांमुळे केवल नृसिंह मंदिरातील लेख नजरेआड गेला होता. भिंतींना रंग देणे, नावे कोरणे किंवा मूर्तींवर शेंदूर-तेल चढवणे यांमुळे किती माहिती झाकली किंवा पुसली जाऊ शकते, याचे ते बोलके उदाहरण आहे. अंबाळ्यातील निर्माल्य, टेकडीवरील प्लास्टिक कचरा आणि खिंडसीच्या काठावरील ध्वनिवर्धक या बाबींचा संबंध थेट पर्यटकांच्या वर्तनाशी आहे. टेकडीला नाव मिळाले ते येथे कोणी तरी विसावले या श्रद्धेतून. येथील शांतता टिकणे हे येणाऱ्यांच्या संयमावरच अवलंबून आहे.