टाचेमागची शीर

परंड्यात पहाटे बार्शी रस्त्याला पोलीस भरतीची पोरं पळत असतात. त्यातला एखादा टाचेमागे हात लावून कडेला थांबतो आणि विचारलं तर सांगतो, "शीर धरली." शीर, नस, लिगामेंट हे तिन्ही शब्द इथे एकाच दुखण्याला चालतात. घोळ तिथूनच सुरू होतो. हाडाला हाडाशी बांधतो तो अस्थिबंध आणि स्नायूला हाडाशी जोडते ती कंडरा. शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा स्टीपलचेस धावपटू अविनाश साबळे जुलै २०२५मध्ये मोनाकोच्या शर्यतीत पाण्याच्या अडथळ्यापाशी पडला. त्याच्या गुडघ्यातला अस्थिबंध आणि गादी फाटली, शस्त्रक्रिया करावी लागली. ती एका क्षणाची इजा होती. टाचेमागच्या कंडरेचं दुखणं सहसा असं येत नाही, ते साचत जातं.

ही कंडरा पोटरीच्या स्नायूंना टाचेच्या हाडाशी जोडते. ती मुख्यतः कोलॅजनच्या तंतूंची असते आणि पळताना स्प्रिंगसारखी ताणून परत उसळते. त्या वेळी तिच्यावर शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार येतो. तिला रक्तपुरवठा मात्र बेताचाच. टाचेच्या हाडापासून दोन ते सहा सेंटिमीटर वर तो सर्वांत तुटपुंजा मानला जातो आणि दुखणंही बहुधा तिथेच धरतं. डेन्मार्कच्या संशोधकांनी २०१३मध्ये एक चमत्कारिक पुरावा वापरला. १९५०-६०च्या दशकांतल्या अणुचाचण्यांमुळे हवेत वाढलेला किरणोत्सारी कार्बन त्यांनी लोकांच्या कंडरेत मोजला. निष्कर्ष असा, की सतराव्या वर्षाच्या आसपास कंडरेचा गाभा तयार होतो आणि पुढे तो जवळजवळ बदलत नाही. म्हणजे बिघडलेला भाग नवा होईल या आशेवर बसण्यात अर्थ नाही. भोवतीच्या चांगल्या तंतूंना भार पेलायला शिकवावं लागतं.

भरतीची जाहिरात निघाली की घरी बसलेला पोरगा एकदम रोज आठ किलोमीटर डांबरावर पळू लागतो. दम दीड महिन्यात वाढतो, पोटरी भरते, टायमिंग सुधारतं. कंडरेला जुळवून घ्यायला त्याहून कितीतरी जास्त वेळ लागतो. जोरदार व्यायामानंतर पहिला दिवस-दीड दिवस तिच्यात कोलॅजन बनतं त्यापेक्षा जास्त मोडतं. रोज स्पीड मारणारा पोरगा जमा व्हायच्या आत खर्च करत राहतो.

वर हे दुखणं लबाडही आहे. सकाळी अंथरुणातून उठताना पहिली चार पावलं लंगडत पडतात. पळायला लागून अंग तापलं की दुखणं गायब होतं, पोराला वाटतं बरं झालं. खरा निकाल दुसऱ्या दिवशी सकाळी, त्याच चार पावलांत लागतो.

मग कोणीतरी सांगतं, पूर्ण आराम कर. तीन आठवड्यांत दुखायचं थांबतं आणि ग्राउंडवर परतल्यावर चौथ्या दिवशी पुन्हा शीर धरते. आरामात दुखणं निवतं खरं, पण भार पेलायची ताकदही उतरते. स्वीडनचे अस्थिरोगतज्ज्ञ हाकन आल्फ्रेडसन स्वतः धावणारे होते आणि त्यांचीही टाच दुखत होती. शस्त्रक्रियेला नकार मिळाल्यावर कंडरा तुटली तर तुटू दे म्हणून त्यांनी मुद्दाम वजन घेऊन व्यायाम केला, आणि टाच बरी झाली, असा किस्सा सांगतात. १९९८मध्ये त्यांनी १५ धावपटूंवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. व्यायाम असा: पायरीच्या कडेला चवड्यावर उभं राहायचं, चांगल्या पायाने वर जायचं आणि दुखऱ्या पायाची टाच सावकाश पायरीखाली सोडायची. एका वेळी १५, असे तीन फेरे, एकदा गुडघा ताठ ठेवून आणि एकदा किंचित वाकवून. दिवसातून दोनदा, १२ आठवडे. सोपं वाटायला लागलं की पाठीवरच्या सॅकमध्ये वजन वाढवायचं. परंड्यात त्यासाठी जिम लागत नाही, घरची पाच किलो ज्वारी पुरते. दुखणं थेट टाचेच्या हाडावर असेल तर मात्र पायरी नको, सपाट जमिनीवरच करावं. खाली गेलेल्या टाचेत कंडरा हाडावर दाबली जाते.

व्यायामात थोडं दुखतंच. २००७च्या एका स्वीडिश अभ्यासात दहापैकी पाचपर्यंतचं दुखणं चालवून घेतलं होतं. अट एवढीच, की दुसऱ्या सकाळपर्यंत ते निवलं पाहिजे. ही मर्यादा पाळून ज्यांनी पळणं चालू ठेवलं, त्यांचं काही बिघडलं नाही.

दुखऱ्या जागी जोरजोरात चोळून घेण्यावर माझा विश्वास नाही. त्याहून भीती गोळ्या-इंजेक्शनांची. कंडरेत स्टेरॉइड मारून घेऊन ग्राउंडला जाणं म्हणजे ती तुटायची जोखीम ओढवून घेणं. मेडिकलमधून जुलाबासाठी सहज आणलेली सिप्रोफ्लॉक्सासिनसुद्धा कंडरा कमजोर करू शकते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००८मध्ये त्यावर ठळक इशारा छापायला लावला. पळताना मागून कोणी लाथ मारल्यासारखं वाटलं आणि चवड्यावर उभं राहता आलं नाही, तर पायरी विसरून त्याच दिवशी अस्थिरोगतज्ज्ञ गाठावा.

ग्राउंड, म्हणजे भरतीची मैदानी चाचणी, पाच आठवड्यांवर आलं असेल तर बारा आठवड्यांचा हिशेब जमत नाही. पोलीस शिपाई भरतीत मुलांच्या ५० गुणांपैकी १६०० मीटरला २० असतात, ते सोडून देता येत नाहीत. अशा वेळी मी स्पाइक आणि चढ बंद करायला सांगेन, पळणं एक दिवसाआड, मधल्या दिवशी सायकल, बुटात टाचेखाली जाडसर पट्टी आणि पायरीचा व्यायाम चालूच. गोळाफेकीचे १५ गुण टाचेला फारसं न विचारता वाढवता येतात, आणि त्याकडे ग्राउंडवर कोणी ढुंकून पाहत नाही.