काळा आजार आणि आयएल-१०

* काळ्या आजारात प्रतिकारशक्ती ‘खचते’ असे लेखकाने येथे म्हटले आहे. ते अपुरे आहे. वाळूमाशीच्या चाव्यातून शिरलेला लीशमानिया परजीवी मॅक्रोफेज या भक्षक पेशींतच मुक्काम करतो. त्याला मारण्यासाठी टी-पेशी इंटरफेरॉन-गॅमा सोडून भक्षक पेशींना चेतवतात. यातून उठणारा दाह अनावर झाला तर शरीराच्याच ऊती होरपळतील, म्हणून काही टी-पेशी आयएल-१० हे प्रथिन (१९८९ मध्ये उजेडात आलेले) स्रवून त्याला लगाम घालतात. वाराणसीच्या बनारस हिंदू विद्यापीठातील डॉ. श्याम सुंदर व सहकाऱ्यांनी २००७ मध्ये बिहारच्या रुग्णांच्या प्लीहेत हाच लगाम अति आवळलेला दाखवला. आवळणाऱ्या पेशी मात्र फॉक्सपी३ हे प्रथिन बाळगणाऱ्या, सर्वपरिचित नियामक टी-पेशी नव्हत्या. त्या वेगळ्याच निघाल्या. उंदरांवर न थांबता थेट रुग्णांच्या प्लीहेतून हाती आलेला हा पुरावा आम्हांला फार मोलाचा वाटतो. पुढे २०११ मध्ये, प्लीहेतून सुईने काढलेल्या पेशींत आयएल-१० निष्प्रभ केल्यावर परजीवींची संख्या घटल्याचेही दिसले. — संपा.