नळीतला गर्भ : ऑपरेशनपासून इंजेक्शनपर्यंत

"डॉक्टर, माझं कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालंय, मला दिवस कसे जातील?" हा प्रश्न तुम्हालाही पडत असेल, तर आधी थोडा इतिहास वाचा.

कधी कधी गर्भ गर्भाशयात न रुजता बाहेरच रुजतो, बहुतेक वेळा गर्भनलिकेत. यालाच एक्टोपिक गर्भधारणा म्हणतात. गर्भ वाढला की बारीक नळी फुटू शकते आणि पोटातल्या पोटात रक्तस्राव होतो.

१८८१ साली इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमचे सर्जन लॉसन टेट यांना अशाच एका बाईचे पोट उघडण्याची विनंती झाली. त्यांनी नकार दिला, ती दगावली. पुढे त्यांनी धाडस केले. पहिली रुग्ण वाचली नाही, पण मार्च १८८३ मध्ये फुटलेली नळी काढून टाकलेली दुसरी वाचली.

त्यानंतर अकरा वर्षांनी, १८९४ साली, डॉ. विल्यम वानलेस यांनी मिरजेत रुग्णालय सुरू केले. मिरज रेल्वेचे जंक्शन, त्यामुळे लांबून येणे शक्य होते. पण पाटण-जावळीच्या डोंगरातल्या बाईचे काय? नळी फुटल्यावर हातात काही तासच असतात. शिवाय रक्त हवे. १९१४ मध्ये जर्मनीत योहानेस थीस यांनी पोटात साचलेले रक्तच गाळून त्याच रुग्णाला परत दिले. रक्तपेढी दूर असेल तिथे ही युक्ती पुढे बराच काळ कामी आली.

१९७० नंतर चित्र बदलले. बीटा एचसीजी तपासणी आली, सोनोग्राफी आली, दुर्बिणीतून शस्त्रक्रिया होऊ लागली. १९८२ मध्ये जपानी डॉक्टरांनी मेथोट्रेक्सेट हे औषध वापरल्याचे प्रसिद्ध केले. नळी फुटण्याआधी निदान झाले, तर आज काही जणींना पोट न उघडता इंजेक्शनवर बरे करता येते. गंमत म्हणजे याच काळात आजाराची नोंद वाढली. अमेरिकेत १९७० साली हजार गर्भधारणांमागे ४.५ एक्टोपिक होत्या, १९९२ मध्ये सुमारे २० झाल्या. काही वाढ लवकर निदानामुळे दिसली, काही नळीच्या जंतुसंसर्गामुळे. मृत्यूंचे प्रमाण मात्र घटले.

आता तुमचा प्रश्न. नसबंदीनंतर दिवस राहणे दुर्मीळ आहे, पण राहिलेच तर साधारण तीनपैकी एक गर्भ नळीत असतो. म्हणून पाळी चुकली तर "माझं ऑपरेशन झालंय" म्हणून थांबू नका, लघवीची तपासणी करा. ओटीपोटात एका बाजूला दुखणे, थोडे रक्त जाणे, चक्कर किंवा खांद्याच्या टोकाला दुखणे असेल, तर लगेच १०८ ला फोन करा. खांदा दुखतो तो पोटातले रक्त वर सरकल्यामुळे. पित्ताचा त्रास समजून घरी थांबू नका.

आणि इंजेक्शन घेतले असेल, तर चौथ्या व सातव्या दिवशीची रक्ततपासणी चुकवू नका. औषध घेतल्यावरही नळी फुटू शकते.