माशांनाही क्वारंटाइन!

मंडळी, 'क्वारंटाइन' हा शब्द २०२० साली आमच्या गारगोटीच्या बाजारातही सर्वांच्या तोंडी बसला. शब्द मात्र जुना, इटलीकडचा. 'क्वारांता' म्हणजे चाळीस. रगूसा, म्हणजे आजचे डुब्रोवनिक, या बंदराने १३७७ मध्ये कायदा केला की प्लेगच्या मुलखातून येणाऱ्याने आधी तीस दिवस बाहेर राहावे, मगच शहरात पाऊल टाकावे. पुढे तिसाचे चाळीस झाले आणि तेच नाव रूढ झाले.

आज हे आठवले ते माशांमुळे. आमच्या भाचीच्या मुलाने घरी खाऱ्या पाण्याची टाकी ठेवली आहे. नवा मासा आणला की तो महिना-दीड महिना वेगळ्या टाकीत ठेवतो. घरचे हसतात. त्या हसणाऱ्यांसाठी हा लेख!

१९५१ साली मुंबईत मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले. राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते उद्‌घाटन झाले होते. आमच्या पिढीत मुंबईला गेलेला माणूस ते बघून आला नाही असे क्वचितच घडे. योगायोग असा की त्याच साली लंडनमध्ये ब्राऊन या संशोधकाने समुद्री माशांच्या एका परजीवीचे 'क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स' असे बारसे केले. जपानात सिकामा यांनी या रोगाचे वर्णन १९३७ मध्येच केले होते.

हा जीव मोठा लबाड. माशाच्या अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसतात. काही दिवसांनी ते जातात आणि मालक म्हणतो, "चला, बरा झाला!" खरे तर परजीवी माशावरून उतरून तळाशी कोश करून बसलेला असतो. त्या कोशातून शेकडो पिल्ले बाहेर पडतात आणि एक-दोन दिवसांत नवा मासा गाठतात. कोश कधी तीन दिवसांत फुटतो, कधी चार आठवडे घेतो. म्हणून आठवडाभर मासा ठणठणीत दिसला तरी ती खात्री नव्हे. समुद्रात अथांग पाणी असते, त्यामुळे पिल्लांना मासा सापडणे कठीण. टाकीत मात्र सगळे हाताशीच!

यावर तांब्याचे औषध चालते. पण तेच तांबे प्रवाळ, कोळंबी, गोगलगाय यांना मारते. म्हणजे मुख्य टाकीत एकदा रोग शिरला की औषध घालताही येत नाही. म्हणून वेगळी टाकी हवी. तिच्यात वाळू नको, खडक नको, लपायला प्लॅस्टिकच्या पाइपचे दोन तुकडे पुरेत. मात्र पाणी स्वच्छ हवे, खाणे वेळेवर हवे, गडबड नको. नुसते कोंडून ठेवले तर मासा रोगाने नव्हे, धास्तीने आणि घाण पाण्याने मरेल.

इथे मला आपला इतिहास आठवतो. १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात डॉ. व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. १८९७ मध्ये साथरोग कायदा आला. पुण्यात सोजीर घरात शिरून झडत्या घेऊ लागले, माणसे छावण्यांत नेऊ लागले. लोक रोगाइतकेच सरकारला भ्याले, रोगी लपवू लागले. शेवट २२ जून १८९७ च्या रँडवरील गोळीबारात झाला. त्याच साली सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना १० मार्चला गेल्या. वेगळे ठेवणे दोन्हीकडे होते. एकीकडे जरब होती, दुसरीकडे माया.

आपल्या गावांनी तिसरा मार्ग काढला होता. उंदीर पडू लागले की गाव सोडून माळावर खोपी घालून राहायचे. प्लेग उंदरांच्या पिसवांतून पसरतो हे सिमाँ यांनी कराचीत १८९८ मध्ये प्रयोगाने दाखवले. लोकांना पिसवा ठाऊक नसतील, पण दूर राहण्याचे शहाणपण होते.

असो. टाकीतले बरेचसे समुद्री मासे आजही समुद्रातूनच पकडून आणलेले असतात. आपल्या घाईने एक मेला की त्याच्या जागी दुसरा पकडला जातो. महिना-दीड महिना थांबायला पैसे फारसे लागत नाहीत, धीर लागतो. आणि येणाऱ्याला वेगळे ठेवायचे तर त्याची उस्तवारही आपणच करायची, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे झाले.