खूण तपासली कोणी?

आजचा विषय लढाईचा वाटणार नाही, पण शेवटी आपण लढाईवरच येणार आहोत.

मी सिकंदराबादला राहतो. मागे माझा लॅपटॉप बंद पडला. कॉलनीजवळच्या दुकानदाराने खिशातला पेनड्राइव्ह काढला आणि अर्ध्या तासात नवी सिस्टीम टाकून दिली. त्याच लॅपटॉपवर मी पंधरा दिवस पेन्शनचं खातं बघत होतो. मग एकदा सहज विचारलं, "ही फाइल आणलीस कुठून?" तो म्हणाला, "साहब, किसी ने दी थी. सबको यही डालता हूँ."

ज्या माणसाने आयुष्यभर गेटवरच्या संत्रीला सांगितलं की कमांडिंग ऑफिसर आला तरी पासवर्ड विचार, त्याने हा प्रश्न पंधरा दिवस उशिरा विचारला. म्हणून आज हा इतिहास सांगतोय.

२० फेब्रुवारी २०१६. लिनक्स मिंट ही फुकट मिळणारी, लोकप्रिय ऑपरेटिंग सिस्टीम. हल्लेखोर तिच्या अधिकृत वेबसाइटमध्ये शिरले. त्यांनी १७.३ आवृत्तीच्या सिनॅमन प्रकाराची डाउनलोडची लिंक बदलली. लोक मिंटच्याच पानावर बटण दाबत होते, पण फाइल येत होती बल्गेरियातल्या एका सर्व्हरवरून. तिच्यात 'त्सुनामी' नावाचा चोरदरवाजा होता. सिस्टीम नेहमीसारखी चालायची, पण आतून दुसऱ्याच्या हुकमाची वाट बघत बसायची. मिंटचे प्रमुख क्लेमाँ लफेव्र यांनी लगेच जाहीर कबुली दिली आणि साइट बंद ठेवली. हे त्यांच्या बाजूने सांगायलाच हवं.

आता मुद्द्याची गोष्ट. अशा फाइलसोबत एक खूण दिलेली असते, तिला चेकसम म्हणतात. फाइलवर गणित करून अक्षरं-आकड्यांची एक ओळ निघते. फाइलमध्ये एक अक्षर जरी बदललं, तरी ती ओळ साफ बदलते. मग लोकांनी खूण का नाही तपासली? एक तर बहुतेक जण तपासतच नाहीत. दुसरं म्हणजे, हल्लेखोराने एका वार्ताहराला सांगितलं की साइटवरची खूणही आपण बदलली होती. म्हणजे खोटा माल आणि खोटा शिक्का, दोन्ही एकाच दारातून!

खूण असून ती न पाहण्याची किंमत किती मोठी असते, हे दुसऱ्या महायुद्धात हॉलंडमध्ये दिसलं. ब्रिटनची एसओई ही गुप्त संघटना जर्मनव्याप्त हॉलंडमध्ये हेर उतरवत होती. त्यांच्या वायरलेस संदेशात ठराविक जागी मुद्दाम एक चूक करायची, ही खूण ठरलेली. मार्च १९४२ मध्ये ह्यूबर्ट लॉवर्स हा ऑपरेटर पकडला गेला. जर्मनांनी त्याला संदेश पाठवायला लावले. त्याने ते पाठवले, पण खूण गाळली. लंडनला कळावं, एवढीच त्याची आशा. लंडनने खूण नाही हे मनावर घेतलंच नाही. विमानं येत राहिली, शस्त्रं आणि माणसं थेट जर्मनांच्या हातात उतरत राहिली. पन्नासहून अधिक हेर पकडले गेले, बहुतेक मारले गेले. १९४३ मध्ये दोघे तुरुंगातून निसटून स्वित्झर्लंडला पोचले, तेव्हा कुठे या खेळाचा शेवट सुरू झाला.

लॉवर्सने आपलं काम चोख केलं होतं. चुकला तो संदेश वाचणारा.

यातून दोन गोष्टी घ्यायच्या. पहिली, खूण तपासली तरच ती खूण. नाहीतर नुसती शोभा. दुसरी, माल आणि खूण एकाच वाटेने येऊ देऊ नका. छावणीत येणारा माणूस आणि पासवर्ड एकत्र येत नाहीत. पासवर्ड संत्रीकडे आधीच पोचलेला असतो. मिंट आज चेकसमच्या यादीवर डिजिटल सही देतं, त्यामागे हाच विचार आहे. साइट फोडणाऱ्याला यादी बदलता येईल, पण सहीची गुप्त किल्ली साइटवर नसेल तर सही करता येणार नाही. मात्र सही ताडून पाहायची जी सार्वजनिक किल्ली, ती खरी आहे याची खात्री आपण दुसरीकडून करून घ्यायची.

मी काय केलं? दुसऱ्या, भरवशाच्या कॉम्प्युटरवर कंपनीच्या मूळ साइटवरून फाइल घेतली, खूण जुळवली, लॅपटॉप पूर्ण पुसून सिस्टीम पुन्हा टाकली. मग सगळे पासवर्ड बदलले. एक अख्खी दुपार गेली. त्या पेनड्राइव्हमध्ये खरंच काही होतं का, हे मला कधीच कळणार नाही. घुसखोर गेटमधून सलाम ठोकत आत आला, तर त्याची नोंद कुठेच होत नाही.

तुमच्या घरी कोणी पेनड्राइव्ह घेऊन आला, तर संत्री व्हा. विचारा, थम, कौन आता है?

जय हिंद.