लॅपटॉप दुरुस्तीत चिप कशी फुटते? मदरबोर्ड देण्याआधी हे माहीत हवे

हिंगोली जिल्ह्यातील सेनगाव तालुक्यातल्या गोरेगावात लॅपटॉपचा मदरबोर्ड बिघडला, तर तो हिंगोली, नांदेड किंवा थेट मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपर्यंत पाठवावा लागू शकतो. कधी कधी लॅपटॉप परत येतो तो "आयसी गेली, बोर्ड डेड आहे" या निरोपासह. आयसी म्हणजेच चिप. ती आधीच खराब होती की दुरुस्तीत फुटली, हे ग्राहकाला कसे कळणार?

चिप इतकी नाजूक का असते?

लॅपटॉपच्या प्रोसेसरवर बहुधा धातूचे झाकण नसते. मधोमध दिसणारा चकचकीत चौकोन म्हणजे उघडा सिलिकॉनचा तुकडा. त्याला 'डाय' म्हणतात. सिलिकॉन कठीण असते, पण काचेसारखे ठिसूळ. ते वाकत नाही, थेट तडकते. कोपऱ्याचा बारीक टवका उडाला तर चिप कधी कधी चालू राहते. तडा आतल्या सर्किटपर्यंत गेला, तर मात्र ती जोडता येत नाही, बदलावीच लागते.

नुकसान कुठे होते?

• पेस्ट काढताना: वाळलेली थर्मल पेस्ट स्क्रू ड्रायव्हरने किंवा ब्लेडने खरवडली, तर डायची कड तुटते किंवा शेजारचे बारीक कपॅसिटर उडतात. मऊ कापड आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल हा सुरक्षित मार्ग.

• हीटसिंक बसवताना: एकच स्क्रू पूर्ण आवळला की सगळा दाब डायच्या एका कोपऱ्यावर येतो. म्हणूनच अनेक हीटसिंकवर १, २, ३, ४ असे आकडे असतात. त्या क्रमाने, थोडे थोडे आवळायचे असते.

• चिप उचलताना: शिसेविरहित सोल्डर साधारण २१७ अंश सेल्सिअसला वितळते, तर शिसेयुक्त १८३ अंशाला. सोल्डर पूर्ण वितळण्याआधी चिप उचकटली, तर बोर्डवरचे तांब्याचे पॅड उपटून येतात.

• हॉट एअर गनमुळे: चिपने शोषलेल्या ओलाव्याची अचानक वाफ होते आणि आतले थर सुटतात. याला 'पॉपकॉर्न' म्हणतात. हे टाळण्यासाठी चिप आधी कमी तापमानावर काही तास तापवून कोरडी करतात.

• हाताच्या स्पर्शाने: अंगावरची स्थिर वीज साधारण ३,००० व्होल्टच्या पुढे गेल्यावरच माणसाला जाणवते. काही चिपना १०० व्होल्टही घातक ठरतात. कोरड्या हवेत हा धोका वाढतो. त्यासाठी मनगटाला अर्थिंगचा पट्टा लावतात.

लॅपटॉप देण्याआधी काय कराल?

१. लॅपटॉप सुरू होत असेल, तर आधी डेटाचा बॅकअप घ्या. काही मॉडेलमध्ये एसएसडी बोर्डवरच सोल्डर केलेली असते. बोर्ड गेला की डेटाही अडकतो.

२. पावतीवर मॉडेल, सिरियल नंबर, नेमका बिघाड आणि अंदाजे खर्च लिहून घ्या.

३. बोर्ड उघडल्यावर, काम सुरू करण्याआधी, चिपचा जवळून फोटो मागा. काम झाल्यावर पुन्हा मागा. तुटलेला कोपरा फोटोत दिसतो, तोंडी वादात नाही.

४. 'हीट देऊन बघतो' असे सांगितले, तर धोका विचारा. गरम केल्याने बंद बोर्ड काही दिवस चालू झाला, तरी मूळ दोष बहुधा तसाच राहतो.

नुकसान झालेच तर?

सर्वच चिप कारागिराच्या चुकीने जात नाहीत. जुना बोर्ड दुरुस्तीत मान टाकू शकतो. पण निष्काळजीपणा दिसत असेल, तर ती ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सेवेतील त्रुटी ठरू शकते. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करता येतो. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते आणि ५ लाख रुपयांपर्यंतच्या प्रकरणात शुल्क नाही. महत्त्वाचे म्हणजे, ग्राहक राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते. दुरुस्ती मुंबईत झाली असली, तरी गोरेगावच्या माणसाला हिंगोलीतच दाद मागता येते. स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगारात वापरलेला लॅपटॉपही यात बसतो. मात्र, त्या वेळी पावती आणि फोटो हाताशी हवेत.