गेंडा आधी, गुरू नंतर

तांबट आळी ठाऊक नाही असा जुना पुणेकर सापडणं कठीण. गंगाराम तांबट ठाऊक असलेला सापडणं त्याहून कठीण. आमच्या कसब्यात मी चारपाच जणांना विचारून पाहिलं. एकानं "कुठल्या दुकानाचे?" असं विचारलं, बाकीच्यांनी मान हलवली.

तर मंडळी, आज या गंगारामबद्दल लिहायचंय. पूर्ण नाव गंगाराम चिंतामण नवगिरे तांबट. काळ सवाई माधवरावांचा, म्हणजे १७९०च्या आसपासचा. कलेच्या इतिहासात याची ओळख दोन शब्दांत आटोपते: जेम्स वेल्सचा विद्यार्थी. मला हे 'विद्यार्थी' प्रकरण बरेच दिवस खुपतंय. विद्यार्थी म्हटलं की त्यानं काय पाहिलं, त्याला काय वाटलं, हे कुणी विचारतच नाही. जे काही चांगलं दिसतं ते गुरूचं, जे कच्चं राहिलं ते शिष्याचं!

आधी थोडी पार्श्वभूमी. तांबट म्हणजे त्वष्टा कासार. पेशवाईच्या भरात कोकणातून वर आलेला हा समाज कसब्यात स्थिरावला आणि त्यांच्या वस्तीला तांबट आळी म्हणू लागले. हंडे, घंगाळं, बंब, तपेली, देवाची भांडी, सगळं तांब्याच्या पत्र्यातून ठोकून काढायचं. शनिवारवाड्यापासून आळी चालत दहा-पंधरा मिनिटांवर. वाड्याची गिऱ्हाइकी आणि आळीचे हातोडे असं ते नातं होतं. गंगारामच्या नावातच हे सगळं आलं.

चार्ल्स मॅलेट हा पुणे दरबारातला इंग्रजांचा पहिला वकील. तो १७८६ साली इथं आला. १७९०मध्ये टिपूविरुद्ध मराठे, निजाम आणि इंग्रज यांचा तह झाला. या तहाचा प्रसंग एका भव्य चित्रात उतरावा अशी मॅलेटची फार इच्छा होती. त्या कामी आला जेम्स वेल्स, स्कॉटलंडचा चित्रकार. त्यानं पेशव्यांची, नाना फडणिसांची, महादजी शिंद्यांची चित्रं काढली. आज आपल्या डोळ्यांसमोर नानांचा जो लांबट चेहरा येतो, तो घडवण्यात वेल्सचा मोठा वाटा आहे. याच सुमारास मॅलेटच्या पुढाकारानं पुण्यातल्या होतकरू चिताऱ्यांना विलायती पद्धतीचं रेखाटन शिकवायची सोय झाली. त्यासाठी पेशव्यांनी शनिवारवाड्यात जागा दिली असं पुण्याचा इतिहास लिहिणारे पिढ्यानपिढ्या सांगत आले आहेत. मुंबईचं जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७चं. म्हणजे त्याच्या साठेक वर्षं आधी पुण्यात हा उद्योग चालू होता. (मुंबईकर वाचकांनी नोंद घ्यावी!)

इथवर सगळं पुस्तकात असतं तसंच. आता तारखा बघा.

गंगारामचं सगळ्यात गाजलेलं चित्र म्हणजे पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडा. त्यावरची तारीख आहे नोव्हेंबर १७९०. आणि जेम्स वेल्स मुंबईच्या बंदरात उतरला १७९१ सालच्या पावसाळ्यात. म्हणजे गेंडा आधी, गुरू नंतर! ज्याला आपण वेल्सचा विद्यार्थी म्हणतो त्यानं स्वतःचं उत्तम चित्र गुरूचं तोंडही पाहण्याआधी काढलं होतं. मॅलेटकडची विलायती चित्रं त्यानं पाहिली असतील, त्यांवरून काही उचललंही असेल. पण हात त्याचा होता आणि समोर उभा गेंडाही त्यानंच पाहिला होता.

'पाहिला होता' हे मी मुद्दाम लिहितेय. जगातला सगळ्यात प्रसिद्ध गेंडा आहे जर्मन चित्रकार ड्यूररचा, १५१५ सालचा. तो गेंडाही आपल्याकडचाच बरं का. गुजरातच्या सुलतानानं पोर्तुगीजांना दिला, तो जहाजातून लिस्बनला गेला. ड्यूरर बसला होता न्युरेंबर्गला. त्यानं कुणाचं तरी पत्र आणि एक रेखाटन यांवरून चित्र केलं. गेंड्याला चिलखत घातल्यासारखे पत्रे, आणि खांद्यावर एक जास्तीचं छोटं शिंग! पुढची दोन-अडीचशे वर्षं युरोप गेंडा म्हणून हेच चित्र पाहत होता. ड्यूररचा बाप सोनार, त्यामुळे धातूकामाचं बाळकडू त्यालाही मिळालेलं. सोनाराच्या पोरानं न पाहता गेंडा काढला आणि आमच्या तांबटानं समोर उभं राहून काढला, एवढाच फरक. पण फरक मोठा आहे.

आपल्या एकशिंगी गेंड्याच्या अंगावर कातड्याच्या जाड घड्या असतात आणि खांद्यावर, मांड्यांवर टेंगळं असतात, जवळजवळ बसवलेली. ती पाहताना मला काय आठवलं सांगू? मठारकाम. तांब्याचं भांडं आकाराला आलं की तांबट ते ऐरणीवर धरून गोल तोंडाच्या हातोडीनं मठारतो. एका ठोक्याला लागून दुसरा, एका ओळीला लागून दुसरी ओळ, मध्ये जागा सोडायची नाही. त्यानं पत्रा घट्ट होतो आणि अंगावर ते चमकणारे ठिपके उमटतात. ज्याच्या घरादारानं असे लाखो ठोके पाहिलेत, ऐकलेत, त्याला गेंड्याचं कातडं बघून नवल वाटलं असेल की ओळख पटली असेल? मला वाटतं, ओळख पटली असेल. कल्पनाविलास म्हणा हवं तर. पण बाहेरून आलेल्या माणसाला गेंडा म्हणजे चमत्कार, आणि चमत्काराचं चित्र नेहमी थोडं फुगतं. ड्यूररचं तसं झालं. गंगारामचा गेंडा मुळीच फुगलेला नाही. तो एक जनावर आहे, अंगानं जड, पेशव्यांच्या कोंडवाड्यात कंटाळलेलं.

तांबट आळीत उभं राहून ऐकलंत तर मठारण्याला लय असते हेही कळेल. आमच्या लहानपणी सकाळी आठपासून तो आवाज चालू व्हायचा. दोन घरांत दोघं ठोकत असले की एकाच्या रिकाम्या जागेत दुसऱ्याचा ठोका अलगद येऊन बसायचा. आजी म्हणायची, "तबल्याच्या क्लासला पैसे कशाला भरता, खिडकी उघडा." आता आळीत हातोडे कमी झालेत, तरी थांबलेले नाहीत.

संगीताचा विषय निघालाच आहे तर शिकारखान्याची आणखी एक गंमत सांगते. सवाई माधवरावांना जनावरांची फार हौस, आणि पर्वतीकडे त्यांचा रमणा होता. तिथल्या काळविटांबद्दल मॅलेटनं लिहून ठेवलंय. वाद्यं वाजायला लागली की डोंगराकडून काळवीट तंबूपर्यंत येत आणि झोपाळ्यावर झुलत! हे वाचून मी हसले खरी, पण मग वाटलं की गाणं ऐकून काळविटाला काय वाटतं हे मॅलेटसाहेबानं आवर्जून टिपून ठेवलं. वेरूळ पाहून गंगारामला काय वाटलं हे त्यानं विचारलंही असेल, पण ते आपल्या वाचनात येत नाही.

वेरूळ हा या गोष्टीतला कळीचा भाग आहे. मॅलेटसाठी गंगारामनं वेरूळच्या लेण्यांची चित्रं काढली. पुण्याहून अडीचशे किलोमीटरच्या आसपासची वाट, त्या काळातल्या प्रवासाची. समोर कैलास लेणं: वरून खाली खोदत आणलेलं देऊळ, ज्यात दगड एकदा उडाला की उडालाच. तांबटाचं काम नेमकं उलटं. पत्रा तेवढाच राहतो, काही कमी होत नाही, ठोकून ठोकून तोच फुगतो, वळतो. अशा घरातून आलेल्या माणसाला कैलास पाहून काय वाटलं असेल याचा मी पुष्कळ विचार केलाय.

आणि दहावं लेणं! बौद्ध चैत्यगृह, पण त्याला लोक विश्वकर्म्याचं लेणं म्हणत आले, 'सुताराची झोपडी'सुद्धा. छताला दगडात लाकडी फासळ्या कोरल्यात म्हणून हे नाव. कारागीर मंडळी आतल्या बुद्धमूर्तीला विश्वकर्मा समजून पूजत. त्वष्टा कासार आपलं कूळ विश्वकर्म्यापर्यंत नेतात. म्हणजे साहेब 'हिंदूंची प्राचीन खोदकामं' बघायला आले आणि त्यांचा चितारी आपल्या कुळाच्या देवासमोर उभा राहिला. दोघांपुढे वही तीच, लेणं तेच. पाहणं एकच असेल का?

या पाहण्याचं पुढं काय झालं ते ऐका. मॅलेटचा वेरूळवरचा लेख 'एशियाटिक रिसर्चेस'च्या सहाव्या खंडात आला. १८०३ साली लंडनमध्ये थॉमस डॅनियलनं वेरूळच्या २४ चित्रांचं मोठं पुस्तक काढलं. मुखपृष्ठावर नाव जेम्स वेल्सचं, त्याच्या रेखाटनांवरून म्हणून. पाठोपाठ डॅनियलचं. तहाचं ते भव्य चित्रही शेवटी डॅनियलनंच १८०५ साली पुरं केलं, आता ते लंडनच्या टेट संग्रहात आहे. वेल्सनं वेरूळला काम केलं नाही असं मी म्हणत नाही, तो कसबी माणूस होता आणि त्यानं मेहनत घेतली. पण मुखपृष्ठावर गंगाराम नाही. विद्यार्थ्याचं नाव छापायची तेव्हा रीतच नव्हती म्हणा. पुढं अजिंठ्यालाही तेच. १८७२ ते १८८५ या काळात जे. जे.च्या विद्यार्थ्यांनी उन्हाळे-पावसाळे खाऊन भित्तिचित्रांच्या नकला केल्या, आणि पुस्तक ओळखलं जातं ते जॉन ग्रिफिथ्सचं म्हणून.

गाण्यात असं होत नाही, हे मला फार विलक्षण वाटतं. गाण्यातही शिष्य आधी वर्षानुवर्षं गुरूचंच घोटतो. 'तुला काय वाटतं' असं पहिली काही वर्षं त्याला कुणी विचारत नाही, विचारूही नये. पण एकदा तो गायला बसला की नाव त्याचं. उलट गुरूचं नाव शिष्यामुळं टिकतं. रामभाऊ कुंदगोळकर अब्दुल करीम खाँसाहेबांचे शिष्य, पण ओळखले गेले सवाई गंधर्व म्हणून. त्यांच्या स्मृतीसाठी भीमसेनांनी १९५३मध्ये पुण्यात महोत्सव सुरू केला, आणि आज डिसेंबर आला की नुसतं 'सवाई' म्हटलं तरी पुरतं. तीन पिढ्या, तीन नावं, एकानं दुसऱ्याला गिळलं नाही. चित्रकलेत गुरूनं शिष्याला गिळायचं कारण कदाचित एवढंच असेल की गाणाऱ्याला गाणं स्वतःच्या गळ्यातून काढावं लागतं, तिथं दुसऱ्याची सही चालत नाही. कागदावर चालते.

असो. या शाळेचा शेवट फार झटपट झाला. ऑक्टोबर १७९५मध्ये सवाई माधवराव वाड्यातून पडून गेले, वय अवघं २१. पुढच्याच महिन्यात साष्टीकडची लेणी रेखाटत असताना तापानं आजारी पडून वेल्स गेला. १७९७मध्ये मॅलेट पुणे सोडून गेला आणि पुढं त्यानं वेल्सच्याच मुलीशी लग्न केलं. १८२८च्या आगीत वाड्याचे महाल जळाले, त्यामुळे तो वर्ग कुठं भरत असेल हे बघायला आज गेलात तर जोती आणि हिरवळ दिसेल.

चित्रं मात्र वाचली, कारण ती इथं नव्हती! मॅलेटच्या सामानाबरोबर ती विलायतेला गेली, आणि आता अमेरिकेत न्यू हेवनला येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कलासंग्रहालयात आहेत. कसब्यातल्या माणसाचं चित्र ब्रिटिश कलेच्या संग्रहात, यावर हसावं की रडावं कळत नाही. पण एक गोष्ट मान्य करायला हवी. तिथल्या नोंदीत गंगारामचं नाव पुरतं लिहिलेलं आहे, वेल्सच्या नावाखाली दडपलेलं नाही. हॉली शॅफर या अभ्यासिकेनं मराठी मुलखातल्या या कलाव्यवहारावर लिहिलेलं पुस्तकही २०२२मध्ये आलंय, त्यात गंगाराम आहे. पुण्यात त्याच्या नावाचा एखादा फलक मला अजून दिसलेला नाही.

आपण शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटला वस्तुचित्र काढायचो आठवतंय? टेबलावर तांब्या, वाटी, मागं पडदा. तांब्यावरची चकाकी खडूनं मारायची की जागा सोडायची यावर आमच्या वर्गात भांडणं व्हायची. तांब्या कुणी केला असेल हा प्रश्न मात्र कुणालाच पडला नाही.

ज्यांनी विचारलं होतं त्यांच्यासाठी: येलच्या संग्रहाच्या संकेतस्थळावर इंग्रजीत गंगाराम तांबट असं नाव टाकलं की चित्रं मोठ्या आकारात, फुकट उतरवून घेता येतात. संगमनेरच्या मावशीकडची मंडळी दिवाळीत वेरूळला चाललीत, त्यांना मी गेंडा आणि लेण्यांची चित्रं छापून दिलीत. दहाव्या लेण्यात छताकडं बघायला विसरू नका, आणि तिथं मंगळवारी बंद असतं.